काट्याची जोडणी

चूक माझी होती, आणि ती मी दोनदा केली.

अमरावतीच्या कॉलेजात मी आणि माझा एक मित्र बरोबर शिकलो. पुढं तो अकोल्याला घरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बसला, मी अमरावतीतच शिकवायला लागलो. फावल्या वेळात आम्ही कापसाच्या जिनिंगमधल्या वजनकाट्यासाठी एक मुक्त सॉफ्टवेअर लिहिलं. कुणीही फुकट घ्यावं, हवं तसं बदलावं. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन थेट संगणकात जायचं आणि शेतकऱ्याच्या हाती छापील पावती यायची. मधे कुणाला आकडा हलवता येत नसे. बोंडअळीतून वाचलेला कापूस तरी नीट मोजला जावा, एवढीच आमची हौस.

काटे बनवणाऱ्या एका कंपनीनं आपल्या यंत्राची जोडणी लिहून पाठवली. म्हणजे त्या काट्याचा आकडा आमच्या सॉफ्टवेअरला कळावा यासाठीचा कोड. मी हरखलो. तो म्हणाला, "त्यायच्या यंत्राची जोडणी त्यायनंच सांभाळावी, वेगळी, त्यायच्या नावानं. आपल्यात घेतली का लोक आपल्यालेच धरतीन." दुकानदाराला जिथंतिथं गॅरंटीकार्डच दिसतं, अशी मी त्याची थट्टा केली आणि जोडणी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन टाकली.

पुढं कंपनीनं यंत्र बदललं आणि नव्या काट्यांवरचं वजन संगणकात येईना. फोन केला तर म्हणाले, कोड आता तुमच्याकडे आहे, तुम्हीच बघा. त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. घेतला मीच होता. मी परीक्षांचं कारण पुढं केलं. तक्रारी त्यानं अंगावर घेतल्या. दुकान भावावर सोडून तो एसटीनं अकोटला जायचा, जिनिंगमध्ये काट्याशेजारी पोत्यावर बसून कोड दुरुस्त करायचा.

एका सकाळी चिडलेल्या लोकांचे निरोप वाचून मी वैतागलो आणि ती जोडणी काढूनच टाकली. तो त्या दिवशी अकोटला आहे हे मला माहीत होतं. तरी विचारलं नाही. दुपारी त्याचा कोड दुरुस्त झाला, तर तो ठेवायला सॉफ्टवेअरमध्ये जागाच उरली नव्हती. बाहेर गाड्यांची रांग होती. पावत्या पुन्हा हातानं लिहिल्या गेल्या.

फोनवर तो एवढंच म्हणाला, "काढाचीच होती तं मले सांगाचं होतं ना यार. मी इथं काहून बसून राहिलो होतो?"

मग त्याचा फोन आला नाही. दर ईदला मी त्याच्या घरी जेवायचो. त्या वर्षी लाजेनं गेलो नाही.

पुढच्या हंगामाआधी दुकानात गेलो. हातातलं गिऱ्हाईक आटोपून त्यानं चहा सांगितला, माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली. जोडण्या यापुढं कुणी सांभाळाव्यात, याबद्दल मी बरंच काही ठरवून गेलो होतो. त्यातलं काहीच बोललो नाही.

"तुझं ऐकलं नाही, ते तं झालंच," मी म्हणालो. "पण तू तिथं बसला हायेस हे मले माहीत होतं, तरी तुले विचारलं नाही. माझं चुकलं. माफ कर मले."