सिस्टरच्या जागी मारलेली उडी

"जाऊ नका," असं कोणी म्हटलं की सिस्टर आधी पायांत चपला सरकवत आणि मग कारण विचारत. कारण पटलं तर चपला काढायची त्यांची तयारी असे. पण पोलादपूरला आम्ही बारा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, आणि त्यांना चपला काढताना मी फारसं पाहिलं नाही.

त्यांचं नाव हमीदा, माहेर महाडचं. तालुक्यात मात्र सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि डोंगरातल्या वाड्या पायी फिरत. लग्न झाल्यावर नवऱ्याने नोकरी सोडायला सांगितली होती. त्याबद्दल विचारलं की त्या म्हणत, "दोन्हींपैकी एक काय तरी सोडायचंच होतं. नोकरी बरी वाटली."

एका पावसाळ्यात आंबेनळी घाटात दरड आली. वरच्या वाडीत एक पोर अडली होती. एस.टी. थांबली, ड्रायव्हरने हात जोडले. सिस्टर बॅग डोक्यावर घेऊन चिखलातून वर चढू लागल्या. वाटेत एका म्हाताऱ्याने अडवलं, "बाईमाणसाचं काम नाय हे." सिस्टर म्हणाल्या, "बाळंतपण पन बाईमाणसाचंच हाय. तू येतोस करायला?" त्या तिसऱ्या दिवशी परतल्या, तेव्हा बाळंतीण आणि मूल दोन्ही सुखरूप होती आणि सिस्टरच्या गुडघ्याला चार टाके पडलेले होते. ते त्यांनी स्वतःच घातले होते.

माणसांचं त्या ऐकत नसत, पण कागदाच्या बाबतीत त्या फार कडक होत्या. एकदा वरच्या साहेबाने वाडीतल्या मुलांची वजनं नोंदवहीत थोडी वाढवून लिहायला सांगितली. सिस्टरनी लिहिली नाहीत. त्यांची बदली सर्वांत लांबच्या उपकेंद्रात झाली. तिथूनही त्यांनी पोरांची खरी वजनंच पाठवली.

मी हायस्कूलात गणित शिकवत असे. लग्नाला तीन वर्षं झाली नाहीत तोच नवरा गेला, आणि तेव्हापासून माझ्या प्रत्येक गोष्टीत दिरांचा शब्द शेवटचा असे. साडीचा रंग, माहेरी किती दिवस राहायचं, सगळं. मीही कधी वाद घातला नाही. वाद घालण्यापेक्षा मान हलवणं सोपं असतं.

सिस्टरचे धाकटे भाऊ लतीफभाई दुबईला ट्रकच्या धंद्यात होते. एका दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी बहिणीला बोलावलं. सिस्टरनी मला न विचारताच कळवून टाकलं, "दोघी येतो." माझ्या पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आले, तेव्हा दीर दारात उभे राहून म्हणाले, "ही कुठं जाणार नाही." सिस्टर शेजारच्या खोलीतून आल्या, हवालदाराच्या हातातला कागद घेतला, चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "यात दिराचा रकाना कुठं हाय, दाखवा." हवालदार हसला. मी सही केली.

दुबईत आठवडाभर आम्ही दुकानं, समुद्र, उंच इमारती पाहिल्या. मग एका सकाळी सिस्टरना वर्तमानपत्रात एक चित्र दिसलं. विमानातून उडी मारलेली दोन माणसं, एकमेकांना पट्ट्यांनी बांधलेली. शिकवणारा मागे, नवखा पुढे. तासाभराच्या अंतरावर वाळवंटात हे चालतं असं खाली लिहिलं होतं.

"मी जानार," सिस्टर म्हणाल्या.

लतीफभाईंच्या हातातला पाव हातातच राहिला. "आपा, पन्नाशी उलटली तुझी. लोक काय म्हणतील?"

"लोक खाली असतील. मला वर ऐकू नाय येनार."

लतीफभाई गाडी काढायला तयार होईनात. सिस्टर टॅक्सी बघायला खाली उतरल्या. शेवटी लतीफभाईंनीच आम्हाला नेलं.

तिथे एक पत्र्याची शेड, धावपट्टी आणि छोटंसं विमान. टेबलाशी एक केरळी तरुणी फॉर्म भरून घेत होती. सिस्टरनी प्रत्येक ओळ वाचली. रक्तदाबाचा त्रास आहे का, या प्रश्नाशी त्या थांबल्या आणि 'हो' लिहिलं. तरुणी हळूच म्हणाली, "आंटी, नो लिख दो. सब लिखते हैं."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "मी नाय लिहिनार," त्या मला म्हणाल्या, "जन्मभर दुसऱ्यांना यावरनं बोलले मी."

मग अर्थातच त्यांना नकार मिळाला. बाकावर त्या किती तरी वेळ विमानाकडे बघत बसल्या. हरलेल्या सिस्टर मी प्रथमच पाहत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू जातेस काय गो? जबरदस्ती नाय."

"मी? सिस्टर, मी घाटात एस.टी.त डोळे मिटून बसते!"

"ठाऊक हाय मला."

एवढ्यात लतीफभाई काळजीने मध्ये पडले. "बाई, नको हो. तुमच्या दिरांना मी काय सांगू?" बिचारे भल्यासाठीच बोलले. पण मी समुद्र ओलांडून इतक्या लांब आले तरी दीर माझ्या आधी येऊन बसलेलेच होते, हे मला त्या वाक्याने कळलं. माझे कान तापले. मी फॉर्म मागितला. काही झालं तर घरच्या कोणाला कळवायचं, त्या जागी हमीदा असं लिहिलं.

सिस्टरनी माझी नाडी धरली, घड्याळ पाहिलं. "जोरात हाय. पन भीतीचीच हाय, दुसरं काय नाय. जा."

उडीसाठी दिलेला अंगभर झगा साडीवर चढेना, म्हणून सिस्टरच्या पिशवीतला जादा सलवार-कमीज घालून त्यावर चढवला. विमानात बसायला जागा नव्हत्या, सगळे फरशीवर एकामागे एक. माझ्या मागे, मला पट्ट्यांनी बांधलेला, लाल दाढीचा गोरा शिकवणारा. दार उघडलं आणि असा वारा आत आला की माझी प्रार्थना अर्ध्यावर तुटली. पाय बाहेर लोंबकळले. खाली घरं नव्हती, माणसं नव्हती, नुसती पिवळी जमीन आणि कडेला निळी खाडी. मी "नको" म्हटलं. मराठीत म्हटलं, त्याला समजलं नाही.

पुढचा मिनिटभर मी पडत होते, पण पडल्यासारखं वाटत नव्हतं. वाऱ्याने गाल, ओठ, पापण्या सगळं उलटं ओढलं होतं. त्याने खांद्यावर थोपटलं तशी मी हात पसरले. आणि मी ओरडले. आधी भीतीने, नंतर कशाने ते सांगता येत नाही. शाळेत, सासरी, नवरा गेला त्या दिवशीसुद्धा मी एवढ्या मोठ्याने ओरडले नव्हते. मग वर हिसका बसला, छत्री उघडली आणि एकाएकी सगळं शांत झालं. डोळे उघडेच होते.

वाळूवर बूड टेकलं तेव्हा सिस्टर धावत येत होत्या. त्यांनी मला उठवलं, हातपाय चाचपले, नाडी पाहिली. मी रडत होते, हसत होते. त्या हसल्या, मग एकदम तोंड फिरवून म्हणाल्या, "मला पन जायचं होतं गो." एवढंच. पुन्हा कधी तो विषय त्यांनी काढला नाही.

पोलादपूरला बातमी आमच्या आधी पोचली होती. दुसऱ्याच दिवशी दीर आले. "परक्या पुरुषाला बांधून घेऊन उडी मारलीस? आपल्या घरातल्या बाईला शोभतं हे?"

मी सिस्टरच्या दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. त्या घरात होत्या, मला ठाऊक होतं, पण आल्या नाहीत.

"मारली उडी," मी म्हणाले. "पुन्हा जमलं तर पुन्हा मारीन. आणि यापुढे माझं मी ठरवीन. चहा टाकू का?"

दीर चहा न घेता गेले. थोड्या वेळाने सिस्टर आल्या आणि तक्रार केली, "काय हळू बोलतेस गो! भिंतीला कान लावून लावून माझी मान अवघडली."

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. महाडच्या दवाखान्यात मी दर रविवारी जाई. लतीफभाई दुबईहून येऊन राहिले होते. सिस्टर त्यानंतर चारच महिने होत्या, पण मला आठवतो तो एक रविवार. त्या दिवशी त्यांना काठी धरून पहिल्यांदा चालवायचं होतं. डॉक्टर म्हणाले, सात पावलं झाली तरी पुष्कळ. सिस्टर घामाने भिजल्या होत्या, पाय फरफटत होता. सात झाली. लतीफभाईंनी खुर्ची पुढे सरकवली, "आपा, बस आता. पुरे."

सिस्टरनी चांगल्या हाताच्या कोपराने खुर्ची बाजूला सारली आणि आठवं पाऊल टाकलं.