बाबांच्या डब्याचा हुक

वहिनीचा फोन आला तेव्हा मी मनातल्या मनात दादाशीच भांडत होते. “अगं, तुझा दादा गेला गं...” ती रडत म्हणाली. महिना उलटला त्याला, पण ते भांडण काही संपत नाही. पोळ्या लाटताना सुरू होतं, अंथरुणात पडलं तरी चालूच. बसवत नाही, उठवत नाही.

आमचे बाबा डभोईच्या छोट्या रेल्वेगाडीचे ड्रायव्हर. केबिनमध्ये इंजिनाच्या धगीने वरण आंबायचं, म्हणून त्यांनी केबिनच्या बाहेर एक हुक ठोकून घेतला होता आणि डबा तिथे वाऱ्यावर लटकवायचे. ते इंजिन केव्हाच भंगारात गेलं. दादा मकरपुऱ्याच्या कारखान्यातून निवृत्त झाला, आणि त्याने रेल्वे इंजिनाचं एक तयार मॉडेल विकत आणलं. आता याला बाबांचं इंजिन करायचं म्हणाला! बॉनेट कापून लांब केलं, खिडक्या कानशीने घासल्या, पितळी पत्र्याची दारं चिकटवली. एक खिडकी केसभर वर बसली म्हणून सगळी बाजू उखडून पुन्हा केली. वर रंग मुद्दाम उन्हाने विटल्यासारखा. “कोरं करकरीत दिसलं तर बाबा ओळखतील का?” असं मलाच विचारायचा. शेवटी हुक. तोवर हृदय थकलेलं, हात थरथरणारे. टाचणी वाकवून तो एवढासा हुक बसवायला त्याला कितीतरी दिवस लागले. इंजिनाला टेकून उभ्या असलेल्या बाबांचा एकच फोटो होता, त्यात पाहून त्याने तो उजव्या बाजूला लावला.

मी म्हटलं, “अरे, बाबा रिकामा डबा आपल्याला डावीकडून खाली द्यायचे. उजवीकडे तर दुसरा रूळ होता. आपण काय रुळावर उभे राहायचो?”

“तुझी आठवण तुझ्यापाशी. फोटो खोटं बोलत नाही.”

शेवटच्या भेटीत मी फोटो हातात घेतला, नीट पाहिला, आणि ओरडलेच. बाबांच्या शर्टाचा खिसा उजव्या छातीवर! पुरुषांचा खिसा डावीकडे असतो, एवढं शिवणकाम मलाही कळतं. सयाजीगंजातल्या कुठल्याशा फोटोवाल्याने निगेटिव्ह उलटी धरून फोटो मोठा केला होता. इंजिनाच्या नंबरावरून कळलं असतं, पण तो नेमका बाबांच्या खांद्याआड. दादाने चष्मा पुसून फोटो पाहिला. मग म्हणाला, “शर्ट आई शिवायची. आईचा खिसा कुठेही असायचा.”

“आता आईवर खापर फोड!”

“बेस ने, बेन!” बस की गं, असं तो हसत म्हणाला. चिडवायचं असलं की त्याला गुजराती सुचायची. मी चहासुद्धा न घेता चपला घातल्या. मागून वहिनीचं निरोपाचं “आवजो” ऐकू आलं. त्याचं नाही.

तेराव्यानंतर वहिनीने ते इंजिन माझ्या हातात ठेवलं. हुक दोन्ही बाजूंना होते. “तू गेल्यावर दुसरा बसवला,” ती म्हणाली. “मी म्हटलं, मग पहिला काढा की. तर म्हणाले, राहू दे माझाही, तिचाही. बाबांचं काय, ज्या बाजूने चढतील तिकडे डबा लावतील...”

मला रडू यायच्या आधी राग आला. केसभर खिडकीसाठी बाजू उखडणारा माणूस, आणि इथे एवढ्यात माघार? असं कुठे खरं इंजिन असतं का, दोन हुकांचं? अरे, मला जिंकायचं नव्हतं रे. मला तू भांडायला हवा होतास.

इंजिन आता माझ्या शिलाई मशीनवर असतं. दादाने तांब्याच्या तारेचा, मुगाएवढा डबाही करून ठेवला होता. सकाळी तो मी डावीकडे लावते, कारण मीच बरोबर आहे. दुपारी जाता-येता हात चाळवतो, डबा उजवीकडे जातो, आणि मी उभी राहते... आता कुणीतरी म्हणेल, “बघ, आलीस ना वळणावर!”

कुणी म्हणत नाही. मग मी तो पुन्हा डावीकडे लावते.