किडका फ्लॉवर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या सोसायटीतल्या लोकांनी सेंद्रिय म्हणून विश्वासाने नेलेली भाजी काही रविवारी मी मार्केट यार्डातून आणलेली होती. तीही मुद्दाम निवडून, किडकी.

किडकी का, हे कळायला आमचा कोथरूडचा गट कसा चालायचा ते आधी सांगायला हवं.

मी सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला होतो. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या, हे काम. ऑफिस हडपसरला, घर कोथरूडला, त्यामुळे दिवसाचा बराचसा भाग शहर आडवं पार करण्यात जायचा. आमच्यासारख्यांच्या हातात त्या काळात पहिल्यांदाच गरजेपेक्षा थोडं जास्त येत होतं, आणि जास्त आलं की माणूस ताटाकडे नव्याने बघायला लागतो. मुलगी लहान होती. भाज्यांवरच्या फवारण्यांबद्दल पेपरात काही आलं की बायको ते कात्रण फ्रिजवर चिकटवायची. शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात, सगळी सोसायटी त्यांना बाईच म्हणते. त्या एकदा चहाला आल्या, कात्रणं वाचली आणि म्हणाल्या, "फ्रिजवर चिकटवून विष कमी होत नाही. काहीतरी करा."

म्हणून गट सुरू झाला. शेतमालाच्या एका प्रदर्शनात सासवडच्या पुढचा एक शेतकरी भेटला होता. त्याने आणि त्याच्या भावकीतल्या दोघातिघांनी रासायनिक खतं, औषधं सोडून दिली होती. प्रमाणपत्र मात्र नव्हतं. त्याची फी आणि त्याचे कागद एवढ्याशा रानाला परवडण्यातले नव्हते. मग असं ठरलं की आमच्यातली घरं अधूनमधून त्यांच्या रानात जातील, हिंडतील, हवं ते विचारतील. आणि रविवारी भाजी येईल. शिक्का नाही, एकमेकांचा शब्द. रविवारी उजाडायच्या आत तो टेम्पोतून क्रेट पार्किंगमध्ये उतरवायचा आणि तसाच पुढे खडकीच्या क्वार्टर्समधल्या दुसऱ्या गटाकडे जायचा. वजन करून पिशव्या भरायच्या मी आणि बायकोने. लोक आठनंतर यायचे. म्हणजे त्याची आणि लोकांची गाठ पडायची ती रानातच.

आता किडीबद्दल. आमची मंडळी शिकलेली, पेपरातल्या जाहिरातीवरही विश्वास न ठेवणारी. पण अळीवर त्यांचा विश्वास बसला. पानाला भोक असलं की माल खरा. बाई तर उघड म्हणायच्या, "अळीला जे चालतं ते मला चालतं." एखादा टोमॅटो गुळगुळीत निघाला की तो हातात फिरवून परत ठेवायच्या: "हा फार सज्जन दिसतोय." रानात गेल्यावर हे ऐकून शेतकरी पोट धरून हसला होता. "बाई, माझा चांगला माल माघारी धाडताय व्हय? मी काय अळ्या पाळाय बसलोय?" बाईही हसल्या, पण पुढच्या रविवारी भोकाचाच पालक उचलला.

एका वर्षी दिवाळीनंतर पाऊस आला आणि थांबेना. त्याचा फोन आला. "दादा, रानात पानी उभं हाय. भाजी सडली. दोन-तीन रविवार काय बी न्हाई. लोकान्ला सांगा, आन् रागावू नका म्हनावं."

"सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं नाही. त्याच महिन्यात जवळ एक मोठं दुकान उघडलं होतं, काचेचं, थंडगार, आत सेंद्रिय मालाचा वेगळा कोपरा. लोक एकदा तिकडे गेले की परत येणार नाहीत, असं मला वाटलं. शिवाय खरं सांगायचं तर 'तुमच्यामुळे चाललंय हो सगळं' हे ऐकायची सवय लागली होती. ऑफिसात मला असं कुणी म्हणत नव्हतं. रविवारी अंधारातच मार्केट यार्डात गेलो आणि फ्लॉवरच्या ढिगातून भोकाचे, डागाळलेले गड्डे बाजूला काढायला लागलो. वाकड्या काकड्या, चाळणी झालेला पालक. गाळ्यावरचा माणूस बराच वेळ बघत होता.

"साहेब, गाय पाळलीय का?"

"नाही. घरी न्यायचंय."

"घरी? मग वहिनींशी भांडलाय का?"

बायकोला सांगितलं, पावसामुळे टेम्पो हडपसरपर्यंतच येतोय, मी तिथे जाऊन माल उतरवून आणला. तिने मला आल्याचा चहा करून दिला. यार्डातल्या भावामुळे जे पैसे वर उरले ते मी गटाच्या डब्यात टाकले. पैशासाठी केलं नाही हे खरं, पण त्याने काही धुऊन निघत नाही. बाईंचे यजमान तेव्हा मोठ्या आजारातून उठत होते, तोंडाला चव नव्हती. पुढच्या रविवारी बाई मुद्दाम थांबल्या. "अहो, फ्लॉवरचं सूप ह्यांनी मागून घेतलं. औषध मारलेलं नसलं की फरक पडतोच."

"हो ना," मी म्हणालो. आणि त्यांच्या पिशवीत एक गड्डा जास्तीचा टाकला.

खडकीच्या गटाने सरळ जिन्यात पाटी लावली होती: माल नाही. त्यांचं एकही घर सुटलं नाही, हे मला नंतर कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात सरकारी खात्याने शिवाजीनगरला ग्राहकांची सभा बोलावली. सेंद्रिय हा शब्द कुणी वापरायचा याबद्दल नियम यायचा होता. प्रमाणपत्र असेल त्यानेच वापरायचा, की आमच्यासारख्या गटांचा शब्दही धरायचा, यावर ग्राहकांचं म्हणणं हवं होतं. शेतकऱ्यालाही आम्ही बरोबर नेलं. त्याच्यासाठी प्रश्न साधा होता. गटाचा शब्द धरला तर त्याला आपला माल सेंद्रिय म्हणून विकता येणार, नाही तर येणार नाही.

लोक मनापासून बोलले. एक गृहस्थ म्हणाले, प्रयोगशाळेचा अहवाल पाकिटावर छापा, बाकी गप्पा नकोत. त्यांना मागून उत्तर आलं, "दुधाच्या पिशवीवरही सगळं छापलेलं असतं. वाचून पाणी कमी होतं का?" माझ्यासारखीच आयटीतली एक मुलगी म्हणाली, युरियाला सबसिडी देता, मग शेणखतवाल्याला काहीच का नाही? एक आजोबा म्हणाले, आधी स्वस्त करा, पेन्शनमध्ये बसेल असं. टाळ्या त्यांनाच जास्त पडल्या.

मग बाई उठल्या. शाळेतला आवाज, माइक नको. "आमच्याकडे शिक्का नाही, पण एकदाही फसवणूक झाली नाही. मागच्या पावसात सगळीकडे भाज्या सडल्या, तेव्हासुद्धा आमचा फ्लॉवर चुकला नाही!"

शेतकरी आमच्या पुढच्या रांगेत होता. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. आधी न समजून, मग समजून.

अधिकाऱ्यांनी त्यालाच विचारलं, "काय हो, पावसात कसं जमवलंत?"

तो उभा राहिला. सदऱ्याचं टोक खाली ओढलं. "माल घरोघर पोचवायचं काम दादांचं," तो म्हणाला. "त्यांनी कुणाचा खाडा होऊ दिला न्हाई." आणि खाली बसला.

खोटं बोलला नाही आणि मला उघडं पाडलं नाही. हे त्याला एका क्षणात कसं सुचलं, मला आजही उमगत नाही.

"मग दादांनीच बोलावं," अधिकारी म्हणाले.

सांगून टाकायचं ठरवूनच उठलो होतो. पण तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते ऑफिसातलं बोलणं. म्हणालो, ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्यानेच तो तपासायचा नसतो. गटाच्या शब्दावर सोडू नका. भोक दिसलं म्हणून माल सेंद्रिय ठरत नाही. शेतापासून पिशवीपर्यंत मध्ये काहीही होऊ शकतं, तपासणी हवीच. त्या 'मध्ये'त मी स्वतःला घातलं होतं. ते कुणालाच कळलं नाही. प्रयोगशाळावाल्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतली मान आता वळली नाही.

परतताना रिक्षात बाई म्हणाल्या, "त्याच्यावर संशय होता तर आधी सांगायचंत. चारचौघांत असं का केलंत?"

"तसं नाही, बाई."

"मग कसं?"

मी रिक्षावाल्याला कुठून वळायचं ते सांगायला लागलो.

नियमाचा निर्णय लांबणीवर पडला, पण बातमी सोसायटीत पोचायला वेळ लागला नाही. गट चालवणाराच म्हणतोय तर काहीतरी असेल, असं म्हणत बरीच घरं गेली, काही त्या काचेच्या दुकानात, काही पुन्हा कोपऱ्यावरच्या हातगाडीकडे. मला वाटलं, आता टेम्पो येणार नाही. आला. फक्त वाट बदलली होती. आधी खडकी करून तो आठ वाजता आमच्याकडे आला, क्रेट उतरवले आणि स्वतः तराजूपाशी उभा राहिला.

"हितनं फुडं मीच थांबत जाईन, दादा. तुमची उगा झोपमोड."

एवढंच. त्यानंतर आजपर्यंत त्या फ्लॉवरचा विषय त्याने काढलेला नाही. जी घरं उरली होती ती त्याला तोंडावर विचारायची, खरंच फवारत नाही ना? प्रत्येकाला तो हसून उत्तर द्यायचा, रानात चला म्हणायचा. मी बाजूला पिशव्या उघडून धरायचो. संशय माझ्या वाटणीचा होता आणि उत्तरं तो देत होता.

हळूहळू घरं परत आली, सगळी नाही. माझी मुलगी त्याच्या भाजीवर वाढली, कारलंही कुरकुर न करता खाते. बाईंचे यजमान पुढे कितीतरी वर्षं रविवारी स्वतः पिशवी घेऊन खाली यायचे आणि त्याच्याशी पावसापाण्याचं बोलायचे. मी त्याचा उपकृत आहे. नुसतं झाकलं म्हणून नव्हे. त्याने मला गटातून हाकललं नाही, माझ्याकडून काम काढून घेतलं आणि जागा मात्र ठेवली. बाईंचाही आभारी आहे. त्या माझ्यावर नाराज झाल्या, पण दार बंद केलं नाही. अजूनही डाळ-ढोकळी केली की वाटी पाठवतात.

तपासणी हवी, हे मत माझं आजही आहे. विचारलं तर पुन्हा तेच सांगेन. पण मला नियम असा हवा की शेतकऱ्याचं रान तपासणाऱ्यांनी आमच्यासारख्या मधल्या माणसाचं पार्किंगही तपासावं, आणि त्याचा खर्च एवढ्याशा रानावर पडू नये. त्या सभेत मला हे इतकं सरळ बोलता आलं असतं. त्यासाठी आधी एक वाक्य बोलावं लागलं असतं, ते मी गिळलं.

तो अजून येतो. केस पिकलेत, टेम्पो दुसरा आहे. जी घरं त्या सभेनंतर सोडून गेली, त्यांच्यातली काही अजून याच सोसायटीत राहतात आणि त्याने एकेकाळी काहीतरी केलं होतं असंच समजतात. त्याने काही केलं नव्हतं, केलं ते मी, हे मला त्या प्रत्येक घरी जाऊन, आणि त्याआधी बाईंच्या घरी, सांगायचं आहे. ते अजून सांगितलेलं नाही.