काढून टाकलेल्या नोंदी

ऑफिसात त्याला सगळे जोडारी म्हणत. कंपनी कानाची मशीनं विकायची आणि हा तिची दोन सॉफ्टवेअरं एकमेकांना जोडायचा. एक भाड्याचं, क्लाउडवरचं, त्यात गिऱ्हाइकांची सगळी माहिती. दुसरं त्या गिऱ्हाइकांना दर महिन्याला तपासणीचे मेसेज धाडणारं. माणूस चणीने लहान, पण कामाचा तोरा असा की बोलायची सोय नाही. "माणूस चुकेल, आमची सिस्टिम चुकणार नाही," हे तो घरी जेवताना इतक्यांदा ऐकवायचा की वडील कानातलं मशीन काढून ताटाशेजारी ठेवत.

वडील गेले तेव्हा आई दुसऱ्याच हॉस्पिटलात, मांडीचं हाड मोडून पडलेली. तिला शेवटचं तोंडही बघता आलं नाही. घरी आली ती एकच धोशा घेऊन, "मी पाहिलंच नाही, तर कसं मानू?" आणि समोरचं ताट सरकवून द्यायची. पोरगा समजावून समजावून थकला.

वडीलही कंपनीचंच गिऱ्हाईक, आणि ऑफिसात त्याने क्लाउडवरची त्यांची नोंद स्वतःच्या हाताने काढून टाकली होती. तरी एका सकाळी आईच्या फोनवर, कारण नोंदीत नंबर तिचाच होता, मेसेज आला, वडिलांच्या नावाने. तपासणीची वेळ झाली आहे, आपली वाट पाहत आहोत.

आईने फोन त्याच्या नाकासमोर धरला. "बघ! तुमची सिस्टिम चुकत नाही ना?"

त्या दिवशी ती पोटभर जेवली. जोडारी मात्र भरल्या ताटावरून उठला, कारण चूक कुठे झाली ते त्याला तिथल्या तिथे कळलं होतं.

एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडे माहिती मागायची ठरलेली खिडकी म्हणजे एपीआय. अशा खिडक्या बऱ्याच, आणि प्रत्येकीची रीत निराळी. एकीवर एक प्रश्न विचारला की लगेच एक उत्तर. दुसरी सगळा गठ्ठा एकदम देते. तिसरी, काही घडलं की आपणहून हाक मारते. दिवसाला किती वेळा विचारायचं याला मर्यादा असते, म्हणून जोडाऱ्याने गठ्ठ्याची खिडकी निवडली. नव्या आणि बदललेल्या नोंदी द्या, एवढंच मागितलं. काढून टाकलेल्या नोंदी वेगळ्या मागाव्या लागतात, हे त्याने वाचलं होतं. पण हातचं गिऱ्हाईक कोण कशाला काढून टाकेल, म्हणून पान उलटलं. त्यामुळे एकीकडे काढलेलं नाव मेसेज धाडणाऱ्या सॉफ्टवेअरात तसंच राहिलं. गिऱ्हाइकं बहुतेक सत्तरीपुढची! एवढ्या शिकलेल्या माणसाला म्हातारी माणसं मरतात हे सुचू नये, याला काय म्हणावं?

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची होती. त्याने ती केली नाही. आई जेवत होती, वॉकर धरून घरात फिरत होती, वडिलांच्या शर्टांना इस्त्री करत होती. त्याचं मन धजेना.

"अहो, हे बरं नाही," बायको म्हणायची. "त्यांना सांगून टाका, तुमची चूक आहे म्हणून."

"सांगतो," तो म्हणायचा. पुढच्या महिन्यातही मेसेज आला.

मग एक म्हातारे गृहस्थ ऑफिसात आले. त्यांनी काउंटरवर जोडाऱ्यासमोर फोन ठेवला. "माझी बायको गेली हो. तुम्ही तिला अजून बोलावताय. आता तरी थांबा." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. जोडाऱ्याला मान वर करवली नाही. जागेवर येऊन त्याने काढून टाकलेल्या सगळ्या नोंदी मागवल्या. नावांमागून नावं येत गेली, त्यात वडिलांचंही होतं. तेवढ्या घरांत आपण हा छळ मांडला होता, या विचाराने त्याला भडभडून आलं. त्याच दिवशी त्याने दुरुस्ती केली.

महिना उलटला. आई फोन मांडीवर घेऊन बसलेली.

"अरे, या वेळी यांना बोलावलं नाही."

"आई, आधीचे मेसेज चुकीचे होते. माझी चूक होती."

"आता दुरुस्त झालं?"

"हो."

"नक्की?"

"नक्की."

"म्हणजे गेले रे ते," ती म्हणाली. मग त्याच्याकडे पाहिलं. "तुला कधी कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी."

तिने फोन बाजूला ठेवला. "सुनेला पाठव आत. तू नको बसू इथे."

तो उठून बाहेर आला, आणि वडील गेल्यापासून पहिल्यांदाच आईचं रडणं त्याने दाराबाहेरून ऐकलं.