हिराने न चाखलेली रेती

एडवणच्या किनाऱ्यालगतच्या आळीत हिराइतकी संशयी बाई दुसरी नव्हती. हे तिला कोणी तोंडावर सांगितलं तरी राग येत नसे, उलट बरंच वाटे. दुधात पाणी आहे का हे ती बोट बुडवून बघायची. तराजूची रिकामी पारडी डोळ्यांसमोर धरल्याशिवाय माल घालू द्यायची नाही. आणि मीठ घेताना तर चिमूटभर जिभेवर ठेवल्याशिवाय पोत्याला हात लावायची नाही. सुकी मासळी हा तिचा धंदा. आगराचं मीठ जुनं की नवं, त्यात माती किती, मासळीत खार मुरला की वरच्यावर राहिला, हे सगळं तिला जीभ सांगे. सफाळ्याच्या बाजारात तिला लांबून बघितलं की व्यापारी आपणहून खरं बोलून मोकळे होत.

या कडक कारभारातून एकच माणूस सुटला होता, तिचा नवरा महादू. महादू तांडेल. स्वतःची होडी, हाताखाली सहा खलाशी, आणि तोंडात शब्द मोजकेच. तो समुद्रावरून आला आणि "आज चार टोपल्या" म्हणाला, की हिरा चार टोपल्यांची तयारी करी. किनाऱ्यावर जाऊन टोपलीवरचं फडकं उचलून बघत नसे. शेजारची भागी एकदा म्हणाली, "गो, घरच्या माणसाचं पन बघून घ्यावं." त्यावर हिरा तिच्याशी आठ दिवस बोलली नाही.

हिराला स्लॅबचं घर हवं होतं, आणि तेही मिरवायला नाही. बोंबील बांबूच्या वलांड्यांवर टांगले की भागतं, पण जवळा आणि मांदेली पसरूनच वाळवावी लागते. किनाऱ्यावर पसरली की तिच्यात रेती जाते, कुत्री तोंड घालतात, आणि गिऱ्हाईक घरी नेऊन खातं तेव्हा दाताखाली कचकन लागतं. स्लॅब म्हणजे तिच्या लेखी उंचावरचं, उन्हातलं, स्वच्छ वाळवण होतं. रेतीपासून एकदाची सुटका. चौऱ्याऐंशी साली कौलं उतरवून स्लॅब टाकायचं ठरलं.

काम घेतलं कमलाकांतने. केळव्याकडच्या बागाईतदार घरातला माणूस. तारापूरला कारखाने आले तसा नारळ-सुपारी भावांवर सोपवून कंत्राटं घेऊ लागला होता. पांढरा शर्ट, गोड जीभ. "हिराबाय, घर नाय, देऊळ बांधतोय असं समजा," तो म्हणाला. देवळाचं नाव काढलं तेव्हाच हिराच्या मनात पाल चुकचुकली. माल सगळा त्याचा होता: सिमेंट, सळ्या, खडी आणि वैतरणा नदीची रेती. नदीचीच, हे त्याने स्वतःच दोनदा सांगितलं.

मग हिराने पहारा बसवला. म्हणजे स्वतःच बसली. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण जाळ्याची दोरी होती. आलेल्या सिमेंटच्या दर गोणीला एक गाठ आणि दर सळईला दुसऱ्या दोरीवर एक गाठ. गोणी फुटली की गाठ चाचपायची. रामनाथ मिस्त्री बोईसरहून यायचा. तो हात जोडून म्हणायचा, "मौसी, सब गिन लो, बाद में झगडा नहीं." तिला वाटे, हा इतका मोकळेपणाने मोजायला सांगतो, म्हणजे ह्याच्याही पोटात काहीतरी आहे. मजुरांचे जेवणाचे डबेसुद्धा जाताना ती डोळ्यांनी चाचपून सोडी. डब्यात सिमेंट कोण नेणार, असं महादू हसत म्हणाला. ती म्हणाली, "तुमी होडी बघा. घर मी बघते."

स्लॅबच्या आदल्या दिवशी मात्र तिला सफाळ्याला जाणं भाग होतं. बोंबील तयार होते आणि व्यापाऱ्याला शब्द दिलेला होता. ती पहाटेच्या एसटीने गेली आणि उन्हं कलल्यावर परत आली. आल्या आल्या दोऱ्या घेऊन गोण्या मोजल्या, सळ्या मोजल्या. एकही कमी नव्हती. अंगणात रेतीचा ढीग सकाळपेक्षा चांगला वाढला होता. वर तांबूस, जाडसर नदीची रेती दिसत होती. ती बघून हिरा पुढे गेली. समुद्राच्या दारात राहणाऱ्या माणसाला रेतीवर पहारा ठेवायचं सुचेल कसं? रेती कोणी चोरून नेतं का?

दुसऱ्या दिवशी नारळ फुटला, स्लॅब ओतला गेला, मजुरांना शिऱ्याचं जेवण झालं. तिसऱ्या दिवशी उधाण लागलं, म्हणजे भरतीच्या ओढीवर डोलीची जाळी भरायचे दिवस, आणि महादूची होडी त्या जाळ्यांवर गेली. पुढचे एकवीस दिवस स्लॅबवर पाणी भरून ठेवायचं काम हिराने दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. आळीतली विहीर मचूळ म्हणून लांबच्या गोड्या विहिरीचं पाणी डोक्यावरून आणलं. आणि गंमत बघा, दर हंड्यातलं पाणी ती आधी चाखून बघायची. खारं पाणी स्लॅबला बाधतं, हे रामनाथने तिला बजावून सांगितलं होतं.

दोन वर्षं हिराची मजेत गेली. तिच्या जवळ्यात रेतीचा कण सापडेना. व्यापारी आधी तिची टोपली विचारू लागले. तिसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी, ती भाकरी थापत असताना वरून तळहाताएवढा तुकडा परातीत पडला. तिने मान वर केली. सळई उघडी पडली होती, गंजून फुगलेली. आठवडाभरात आणखी तीन ठिकाणी पोपडे सुटले.

कमलाकांत पाच निरोपांनंतर आला. हिरा दारातच उभी होती आणि तिने एक गोष्ट टिपली. आत आल्यावर त्याने छताकडे बघितलं नाही, आधी महादूकडे बघितलं. मग मान वर केली, जिना चढून गेला, वर वाळत घातलेली मांदेली बघितली आणि खाली येऊन म्हणाला, "हिराबाय, चूक तुमचीच हाय. खारवलेली मासळी स्लॅबवर टाकता, तिचं मीठ खाली झिरपलं. लोखंड खाल्लं त्याने. यात मी काय करनार?"

"मासळीचं मीठ एवढं खोल जातं?"

"मीठ कुठं पन जातं. विचारा तांडेलांना."

महादू खाली बघत म्हणाला, "शेटचं बरोबर वाटतं मला."

झालं. महादूने म्हटलं म्हणजे ते खरं. आयुष्यात पहिल्यांदा हिराला स्वतःच्या हातांचा संशय आला. ज्या हातांनी बारा माणसांचं खटलं ओढलं, दोन पोरींची लग्नं केली, त्याच हातांनी आपण घराच्या छताला मीठ चारलं, हे तिच्या मनातून जाईना. ती एकटीच स्लॅबवर बसून रडली. नंतर सगळा स्लॅब गोड्या पाण्याने घासला, जसं काही त्याने उपयोग होणार होता. आणि दुसऱ्या दिवसापासून जवळ्याच्या टोपल्या उचलून पुन्हा किनाऱ्यावर नेल्या. रेतीत. वर्षभर ती रेतीत वाळवत राहिली, आणि वर्षभर व्यापारी तिच्या टोपलीकडे पाठ करून दुसरीकडे वळत राहिले. भागी हळहळली. महादू काही बोलला नाही. तो जेवताना ताटातून मान वर करीनासा झाला होता, पण हिराला वाटलं, ते छताचं दुःख असेल.

पुढच्या भादव्यात मागच्या दारावरचा छज्जा कोसळला. हिरा झाडू घेऊन गेली आणि तुकडे गोळा करता करता थांबली. हा छज्जा स्लॅबच्या खाली, वेगळा, पुढे आलेला. त्याच दिवशी त्याच मालातून ओतलेला. पण त्यावर तिने कधी एक मांदेलीसुद्धा टाकली नव्हती. स्लॅबचं पाणीही उतरायचं ते पुढच्या बाजूला. मग याच्या सळ्या कोणत्या मिठाने खाल्ल्या?

तिने एक तुकडा पायरीवर आपटून फोडला. आतली, हवा न लागलेली बाजू जिभेला लावली.

खारट. आणि हा खार तिच्या ओळखीचा होता. आगराच्या मिठाचा नव्हे. आगराचं मीठ जिभेवर आधी चुरचुरतं. हा आधी कडवट, मग खारट. समुद्राच्या पाण्यात भिजून वाळलेल्या वस्तूचा. तिने दुसरा तुकडा फोडला. त्यात नखाएवढी पांढरी शिंपली होती, पूर्ण, कडेला गुलाबी रेघ असलेली. वैतरणेच्या रेतीत असली शिंपली येत नाही. ती एडवणच्या किनाऱ्यावर येते, हिराच्याच जवळ्यात वर्षभर येत होती.

ती पायरीवर बसली आणि पहिली गोष्ट मनात आली ती म्हणजे, माझे हात नव्हते. मग राग आला. असा आला, की घरात कोणाला काही न सांगता तिने तुकडे फडक्यात बांधले आणि सफाळ्याहून गाडीने बोईसर गाठलं.

बोईसरजवळच सालवडला कमलाकांत एका घराचा स्लॅब टाकायच्या तयारीत होता. घर अण्णा नावाच्या वयस्कर कामगाराचं. नोकरीतून सुटल्यावर बांधायला घेतलेलं. अण्णा खुर्ची टाकून समोरच बसले होते. हिरा आधी कोणाशी बोलली नाही. रेतीच्या ढिगापाशी गेली, हात कोपरापर्यंत आत खुपसला, तळातली चिमूट काढून जिभेवर ठेवली.

"गोडी हाय," ती मोठ्याने म्हणाली. "यांच्या घराला नदीची, आनि माज्या घराला समुद्राची काय, शेट?"

कमलाकांतने तिला बाजूला न्यायचा प्रयत्न केला. ती हलली नाही. फडकं सोडलं, शिंपली अण्णांच्या हातावर ठेवली. अण्णांनी चष्मा लावून बघितली आणि कमलाकांतला विचारलं, "स्लॅबातनं निघाली ही?"

"हिराबाय," कमलाकांत दबक्या आवाजात म्हणाला, "मला बोलायला लावू नका. ती रेती मी नाय आनली. तुमच्या नवऱ्याने आनली. माजा दुसरा ट्रक आला नाय, स्लॅब आठवडाभर पुढं जात व्हता, त्यांना उधाणाला होडी काढायची व्हती. बैलगाडी जुंपून आठ खेपा किनाऱ्यावरनं त्यांनी टाकल्या. तुमी सफाळ्याला व्हता. वरनं नदीची रेती पसरली ती पन त्यांनीच. आता बोला."

हिराच्या पायाखालची जमीन सरकली, पण ती ज्या मातीवर उभी होती ती परक्याची होती. तिथे डळमळून चालणार नव्हतं.

"त्यानं आनली असंल," ती म्हणाली. "तो होडी चालवतो. त्याला रेती म्हंजे रेती. घरं तुमी बांधता. खारी रेती लोखंड खाते हे तुमाला ठावूक व्हतं की नाय?"

कमलाकांत अण्णांकडे बघू लागला.

"आनि वरनं नदीची पसरा, हे त्याला कोनी सांगितलं? त्याला स्वतःला सुचलं नसतं ते."

अण्णा खुर्चीवरून उठले. "कमलाकांत, या बाईचा स्लॅब आधी नीट करून द्या. माझ्या स्लॅबचं मग बघू. आणि ही रेती मी पण चाखून घेणार." मिस्त्री रामनाथ फळीवर बसून ऐकत होता. तो खाली उतरला आणि म्हणाला, "मौसी सही बोल रही है, सेठ. मैंने उस दिन भी बोला था, ये रेती खारी है." दिवाळीनंतर काम करून देईन, सगळं माझ्या मालाने, असं कमलाकांतने दोघांसमोर कबूल केलं. हिरा जिंकली होती. परतीच्या गाडीत तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

घरी महादू ओट्यावर जाळं सांधत होता. तिने शिंपली त्याच्यासमोर ठेवली. त्याने ती बघितली आणि सुई खाली ठेवली.

"मला काय ठावूक व्हतं, हिरे," तो म्हणाला. "उधाण चाललं व्हतं. किनाऱ्यावर एवढी रेती पडलीय, म्हटलं त्यात काय. आईशप्पत, मला ठावूक नव्हतं."

"तेव्हा नव्हतं. शेट आला तेव्हा तर कळलं ना?"

महादूने सुई पुन्हा उचलली.

"चुकलात त्याचं काय नाय वो. मी पन चाखली नाय ती रेती," हिरा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि महादूला त्याचीच भीती वाटली. "पन माज्या मासळीनं छत खाल्लं, असं तुमच्यासमोर बोलला तो. मी वर्षभर रेतीत बसले. तुमी रोज बघत व्हता."

"तोंड उघडायला धीर झाला नाय," महादू म्हणाला. ते खरं होतं. हिराला त्यातला खरेपणा कळला, आणि तिने त्याला जेवायला वाढलं.

दिवाळीनंतर जुना स्लॅब फोडला, नवा ओतला. या खेपेला रेतीच्या प्रत्येक ट्रकपाशी हिरा उभी राहिली. महादूही तिच्या शेजारी. पहिल्या ट्रकची चिमूट त्याने स्वतःच जिभेवर ठेवली आणि म्हणाला, "गोडी हाय." हिराने मान हलवली. मग वाकून स्वतः चिमूट घेतली आणि चाखली.

स्लॅब चांगला झाला. त्याच्यावर जवळा पुन्हा स्वच्छ वाळू लागला, सफाळ्याचे व्यापारी परत आले. दोघांत भांडण असं कधी झालं नाही. एक दिवस महादू समुद्रावरून आला, पाय धुता धुता नेहमीसारखा म्हणाला, "आज चार टोपल्या." हिराने हातातलं काम ठेवलं, पदर खोचला आणि किनाऱ्यावर गेली. होडीपाशी टोपल्या चारच होत्या. तिने एकेकीवरचं फडकं उचलून आत बघितलं. महादू दारात ओल्या पायांनी उभा राहून ते बघत होता.