भांडणाची भाषा

नवरा-बायको कुठल्या भाषेत भांडतात यावरून संसाराची नाडी ओळखणारी बाई अख्ख्या भिवंडीत एकच. समुपदेशनाला जाणारे सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतात. जिना चढताना कुणाला लाज वाटू नये म्हणून त्यांनी खोली घेतली ती फॉल-पिकोच्या दुकानावर. त्यामुळे चांगले मिशीवाले बाप्ये साडी काखोटीला मारून वर जाताना दिसतात. ‘कसं वाटतंय?’ असं बाई कधी विचारत नाहीत; आमच्याकडे त्याला ‘बरा हाय’ यापलीकडे उत्तर नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या विचारतात, ‘जेवण जातंय का?’ एवढ्या प्रश्नावर मी धाय मोकलून रडलो. कारण बायको तीन आठवडे दिघाशीला माहेरी होती आणि परत यायचं नाव काढत नव्हती.

बाईंनी दोघांना बोलावलं. ‘भांडता कुठल्या भाषेत?’ मला हसूच आलं. ही मात्र लगेच म्हणाली, ‘घरात मराठी, पन राग आला का हे हिंदीत. मी काय यांच्या गोडावनातली हमाल हाय?’ मी हायवेवरच्या वडपे गावात एका गोडाउनात सुपरवायझर, दिवसभर हमालांवर हिंदीत ओरडतो. तेच ओरडणं घरी नेतो, याचा मला पत्ताच नव्हता. ‘शेवटचं भांडण इथे करून दाखवा,’ बाई म्हणाल्या, ‘पण गावच्या बोलीत.’ मी सुरुवात केली, ‘फोन क्यूँ नहीं उठाती?’ बाईंनी टेबलावर पट्टी आपटली. तेच मराठीत सांगायला गेलो, तर तोंडून भलतंच निघालं. ‘तू हायवे ओलांडून जातेस, फोन उचलत न्हाईस, मना भ्या वाटतं.’ ही म्हणाली, ‘मंग आदी सांगाचा ना!’ त्याच रविवारी ती बॅग घेऊन घरी आली, आणि माझा जीव असा भांड्यात पडला की मी चहात साखर दोनदा घातली.

पुढे एक दिवस बाईंनीच ‘आता येऊ नका, गरज उरली नाही’ म्हणून सांगितलं. परवा बाजारात त्या समोर आल्या. रस्त्यात आपणहून ओळख द्यायची नाही, हा त्यांचा नियम. आमच्यासोबत सासूबाई, त्यांना बाईंचं काहीच ठाऊक नाही; त्यांना वाटतं, आपण दम दिला म्हणून जावई सुधारला. ‘तुमच्यामुळे ही घरी आहे,’ एवढंच मला बाईंना सांगायचं होतं. बाई मेथी घेऊन निघाल्या. ही नुसती ‘बोला ना’ म्हणून कोपराने मला ढोसत राहिली, आणि त्यांची पाठ गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं मेथीचा भाव विचारत उभे राहिलो.