तबक धरणारे हात

आमच्या कॉलेजच्या मुलींनी बास्केटबॉलची स्पर्धा जिंकली, म्हणून काल सत्कार झाला. शाल-श्रीफळ मिळालं मुख्य प्रशिक्षक सरांना. शेजारी तबक धरून सुनंदा मॅडम उभ्या होत्या. बारा वर्षं सहायक प्रशिक्षकच. रोज पहाटे मुलींना पळवायच्या त्या, मुरगळलेले घोटे बांधायच्या त्या. सर मैदानावर यायचे ते फोटोपुरते.

"मॅडम, तबक जरा वर धरा, फोटोत दिसू दे," प्राचार्य म्हणाले. त्यांनी धरलं आणि चेहराच झाकला गेला.

डोकं फिरलं माझं. बाई दिसली की दे हातात तबक, ही कुठली रीत?

पण आदल्या दिवशी कामं वाटताना तबकापुढे त्यांचं नाव मीच लिहिलं होतं, क्षणभरही विचार न करता.